बटणं होती, शर्ट नव्हता

नातीचा श्वास कोंडला तेव्हा तिने हात धरला तो विहिणीचा. पलंगाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला विहीण. रक्ताची पिशवी अर्धीही संपली नव्हती. पोरीला हुडहुडी भरली, ओठ निळे पडले आणि ती ओरडली, "मुलुंडच्या आजी!" मी चारकोपची. पोर मरायला टेकलेली, आणि मला ते लागलं. लागलं ते लागलं, खोटं कशाला सांगू.

सिस्टरने धावत येऊन रक्त बंद केलं, इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. आम्हा दोघींना बाहेर काढलं. मुलगा-सून कामावर होते. रक्त चढवायला आम्हीच न्यायचो.

नातीला थॅलेसेमिया आहे. तान्ही असल्यापासून तिला दुसऱ्याचं रक्त लागतं. आजार कळायच्या आधी ती पांढरीफटक दिसायची, म्हणून मी हळीवाचे लाडू दिले, खजूर दिला, लोखंडी कढईत भाज्या केल्या. रक्त कमी म्हटलं की आमच्याकडे हेच. मग डॉक्टरांनी सगळं बंद करायला लावलं. बाहेरच्या रक्तातून अंगात लोह साचतंच, त्यात आणखी भर नको. मला येत होतं ते तेवढंच, आणि तेच गेलं. विहीण मात्र शाळेत विज्ञान शिकवायची. पलंगावर बसून पोरीला पेशींच्या गोष्टी सांगायची. दोघी खिदळायच्या. मी चौथी शिकलेली, डबा धरून बसायचे.

एकदा विचारलंच, "लोह नको, तर मग हिला कमी काय आहे?"

"अगं आजी, तुला किती वेळा सांगायचं!" नात म्हणाली. विहीण हसली.

"हसताय काय विहीणबाई, नीट सांगा ना."

"तुम्ही शर्टांच्या कारखान्यात होतात ना? तिथे पुठ्ठ्याचा पॅटर्न कुठे असायचा?"

"मास्तरच्या कपाटात. शिलाईवाल्यांच्या हाती कोण देतंय!"

"मग काम कसं चालायचं?"

"पातळ कागदावर उतरवून घ्यायचो. काम झालं की कागद फेकायचा."

"तो कागद म्हणजे आरएनए. पुठ्ठा म्हणजे डीएनए. पेशीतही पुठ्ठा आतल्या खोलीतच राहतो. त्यावरून कागद उतरतो, त्यातला जादा भाग कापून उरलेलं जोडलं जातं, मग तो बाहेर जातो. बाहेरचं यंत्र तो वाचत एकेक तुकडा जोडतं आणि प्रथिन तयार होतं. रक्तातल्या हिमोग्लोबिनचं प्रथिन असंच बनतं. हिच्या पुठ्ठ्यावर एक खूण चुकलीय, म्हणून कागद भलत्याच जागी कापला जातो."

"आणि लोह?"

"लोह म्हणजे बटणं. शर्टच शिवून होत नाही, तर बटणांच्या राशी काय करायच्या?"

हे मला कळलं. एवढं सोपं सांगता येतं तिला, याचा राग आला.

"चुकीचा पुठ्ठा आला कुणाकडून?" मला खात्री होती, तिच्याकडून.

"एक तुमच्या मुलाकडून, एक माझ्या मुलीकडून. दोनांतला एक जरी बरोबर असता तरी भागलं असतं."

तिच्या घरातही आहे म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं.

पोरीचा श्वास कोंडला त्या दिवशी बाहेरच्या बाकावर विहीण रडायला लागली. "तिने मला हाक मारली आणि मला काहीच करता आलं नाही हो."

"हाक तरी मारली," मी म्हणाले.

तिने पदराने डोळे पुसले. पुष्कळ वेळाने दार उघडलं. "श्वास नीट चाललाय," सिस्टर म्हणाली. "कुणीतरी एकीनेच आत या."

आम्ही दोघी उठलो. "कोण हवी, विचारा तिला," मी म्हणाले. सिस्टर आत डोकावून आली आणि विहिणीकडे बघून मान हलवली. विहीण आत गेली. मी परत बाकावर बसले.

नात त्यातून वाचली. तेव्हा दुसरीत होती, आता सातवीत आहे.