हार काढला तवा फोटो निघाला

त्या दिवशी कनेरगाव नाक्यावरच्या फोटोच्या दुकानात आमी चौघं होतो. मी, माझा पोरगा, जिचं लगीन होतं ती माझी नात, आन दुकानवाली बाई. पाचवे आमचे मालक, पन ते कॉम्प्युटरात होते.

मालक जाऊन लई वर्सं झाली. दुसऱ्याच्या हिरीतला गाळ काढाया उतरले होते, वरून दरड आली. पोरगं तवा दीड वर्साचं, माझ्या कडेवर. पुढं मी लोकाचा कापूस येचला, हळद शिजवायच्या कढईपाशी उभी राहिले, पोरगं वाढवलं. त्याचं काय सांगावं. पन पोराला बाप आठवत न्हाई. त्याला बाप म्हंजे भितीवरचा एक फोटो. दिराच्या लग्नातला, तळहातायेवढा. दुसरा फोटोच न्हवता.

त्या फोटोचं वाटोळं मीच केलं. दर वर्सी पित्राच्या दिवशी मी फ्रेम खाली काढायची, ओल्या फडक्यानं काच पुसायची, गंध लावायची, वरून तुळशीच्या पानानं पानी शिपडायची. ते पानी कडंनं आत जाऊन राहिलं हे मला कळलंच न्हाई. फोटो काचेला चिकटून बसला, गालावर बुरशीचे डाग पडले.

आमच्या घरी लग्नाच्या हळदीत घरातल्या वारलेल्या मानसाचा फोटो पाटावर मांडतेत आन पहिलं हळदीचं बोट त्याला लावतेत. म्हनून नात म्हनली, "आजी, आजोबाचा फोटो नवा करून घेऊ."

दुकानवालीनं आधी काचेवरूनच कॅमेऱ्यानं फोटो काढून घेतला, ते बरं केलं. मग काच सोडवाया गेली तर तोंडाचा सारा रंग काचेलाच राहिला आन हातात पांढरा कागद आला.

"मावशी, आता कॉम्प्युटरात हाये तेवढाच," ती हळूच म्हनली.

ज्या हातानं पूजा केली त्याच हातानं त्यांचं तोंड पुसून टाकलं होतं.

दोन दिस ती डाग काढत बसली. पोरगा म्हनला, बापाला फेटा घाला. नात म्हनली, मागं लाल पडदा टाका. मी म्हनले, हार फोटोतच घाला, झेंडूचा, चांगला भरगच्च. म्हंजे खरा ओला हार नको, पुन्हा काच भिजायचं कामच न्हाई.

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळीच आमी फोटो आनाया गेलो. पडद्यावर मालक दिसले. गाल साफ, डोळे साफ.

"आता फक्त ह्यातून बाहेर काढायचा, मग कागदावर छापायचा," असं म्हनून बाईनं बटन दाबलं. एक निळी पट्टी सरकत निघाली आन निम्म्यावर येऊन थांबली. कॉम्प्युटरातला पंखा घुर्र करू लागला. मग इंग्रजी अक्षरं आली.

"काय लिहिलंय गं?"

"उत्तर देत न्हाई, असं लिहिलंय," नात म्हनली.

"तुझा आजाबी असाच होता. जेवाया हाक मारली तरी उत्तर न्हाई."

दुकानवाली हसली, पन तिच्या कपाळाला घाम आला होता.

पोरगा म्हनला, "बंद करून चालू करा की. आमचा टीव्ही असाच करते."

"दादा, बंद करताना फाइल बिघडली तर? कॅमेऱ्यातला फोटो मी पुसून टाकला, लग्नाच्या ऑर्डरीसाठी जागा करायची होती. डागबी त्याच फाइलीत काढले. दुसरी कापी काढायची राहून गेली."

"राहून गेली? काहून राहिली?"

"बाईवर ओरडू नको," मी म्हनले. "तिचं एकदा चुकलं. माझं दर वर्सी चुकत आलंय."

मग तासभर वाट पाहिली. पट्टी हालंना. शेवटी बाईनं कॉम्प्युटर बंद केला आन पुन्हा लावला. मी पडद्याकडं न्हाई, बाईच्या तोंडाकडं पाहून राहिले होते. तिचे खांदे खाली आले.

"हायेत मावशी. होते तसेच हायेत."

पहिलं काम तिनं ते केलं, पेन ड्राइव्हात एक कापी काढली आन नातीच्या हातात दिली. नात ती मुठीत धरूनच बसली. मग पुन्हा बटन दाबलं. पट्टी निम्म्यावर येऊन थांबली. बाईनं बाकीचं समदं बंद केलं, जुन्या लग्नांचे फोटो काढून जागा केली, फोटो लहान करून पाहिला. पट्टी बराबर त्याच जागी अडायची.

मी म्हनले, "बैल रोज एकाच जागी अडत असंल तर बैलाला मारून काय व्हते? ती जागा पाहावी."

बाईनं मान हालवली. मला समजावून सांगितलं, की हा फोटो एक न्हाई, गोधडीसारखे थर हायेत. तोंडाचा थर, फेट्याचा थर, पडद्याचा, हाराचा. "एकेक थर लपवून पाहते," ती म्हनली.

फेटा लपवला, पट्टी अडली. पडदा लपवला, तरी अडली. मग बाई माझ्याकडं पाहू लागली.

"मावशी, हार राहिला. एकच झेंडू घेऊन शेकडो बार चिकटवलाय, आन हरेक फुलाची सावली येगळी. त्याच्यानंच दम लागत असंल ह्याला."

"घ्या," पोरगा म्हनला. "आईचाच हार नडला."

"काढून टाक," मी म्हनले.

"पन तुमीच तर म्हनल्या होत्या..."

"काढ. लग्नातला सोडला तर जित्तेपनी त्यांना कोनी हार घातला न्हाई. आता न्हाई घातला तरी चालते."

तिनं हार काढला, फेटा आन पडदा पुन्हा आनला, बटन दाबलं. पट्टी निम्म्यावर आली आन तशीच पुढं गेली, टोकापर्यंत. मग मशीनीतून कागद येऊ लागला. आधी फेटा आला, मग कपाळ, मग डोळे.

पोरानं कागद दोन्ही हातांनी कडंला धरला. लई येळ पाहत राहिला.

"कान माझ्यासारखेच हायेत की."

"तुझे त्यांच्यासारखे हायेत."

"आन चांगले मोठे हायेत," नात म्हनली.

मला तवा भूक लागली. सकाळपासून पोटात काय न्हवतं, ते त्या टायमाला आठवलं. पोरानं नाक्यावरून भजे आनले, चौघांनी तिथंच खाल्ले. बाई म्हनली, हात पुसल्याबिगर फोटोला हात लावू नका. मी म्हनले, मला सांगू नको बाई, मी शिकले.

दुसऱ्या दिवशी मालकांना पाटावर मांडलं. नातीनं हळदीचं बोट काचेला न्हाई, फ्रेमच्या लाकडाला लावलं. हार खराच घातला, पानी झटकून, सावलीत वाळवून.

हे वाचनाऱ्याला माझं येवढंच मागनं हाये. तुमच्या घरी गेलेल्या मानसाचा एकच फोटो असंल तर काच कोरड्या फडक्यानं पुसा, आन ह्याच आठवड्यात त्याची दुसरी कापी काढून ठेवा.