कणीक उठेपर्यंत

“थांबा, अजून कणीक झोपलीय.”

एवान्थिया हे दिवसातून दहादा म्हणायची. बेकरीच्या दारात पालकाच्या पोळीसाठी घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणायची, लग्नाचं विचारणाऱ्या मावश्यांना म्हणायची, आणि गाणं अर्धकच्चं असताना ड्रम बडवायला निघालेल्या आर्सेनिसलाही म्हणायची. कणीक मळून झाली की तिला ओल्या फडक्याखाली निजू द्यायचं. त्याआधी लाटणं फिरवलं तर पापुद्रा फाटतो. या बाईचं सगळं जगणंच तसं होतं.

तिचा काका लाम्ब्रोस तिला पाळण्यापासून ओळखत होता. आमच्या डोंगरातली एकही जत्रा त्याच्या क्लॅरिनेटशिवाय झालेली नाही. पोरगी शिकायला खाली यानेना शहरात गेली आणि तिथं तिघांनी मिळून बँड काढला. नाव ठेवलं ‘पागोतो’, म्हणजे आइस्क्रीम. एवान्थिया गायची, आर्सेनिस ड्रम वाजवायचा आणि गाणी रचायचा गिटारवाला फिवोस. तो समुद्राकाठच्या पात्रा शहरातला. स्कूटर, ऊन, ओले केस, असली त्याची गाणी. पहिला अल्बम कॉफीच्या दुकानादुकानांतून वाजला. काका ऐकून म्हणाला, “गोड आहे गं. दात दुखले.”

मग फिवोसला काम मिळेना. तो जर्मनीला, श्टुटगार्टला गेला. नाताळात येतो म्हणाला. तीन नाताळ गेले.

एवान्थिया गावी परतली, बेकरीत उभी राहिली. रविवारी त्याचा फोन यायचा. तिकडची थंडी, तिकडचा पाव, तिकडचा साहेब, सगळं ती ऐकून घ्यायची. ‘परत ये’ एवढं मात्र तिच्या तोंडून कधी निघालं नाही. बोलली नाही, पण गिटार स्वतः हाती घेतली आणि गाणी बदलली. चाल मंदावली. सूर वर उडायचे ते उतारावरून खाली येऊ लागले, पाण्यात दगड बुडावा तसे. आर्सेनिसला तिनं काड्या बाजूला ठेवून हातानं वाजवायला लावलं.

“अगं, लोकांनी यावर नाचायचं की खांदा द्यायचा?” तो म्हणाला.

“थांब. अजून कणीक झोपलीय.”

एके दिवशी ती काकाच्या दारात आली. “काका, क्लॅरिनेट घेऊन चला. अल्बम करतोय.”

“आइस्क्रीममध्ये माझी क्लॅरिनेट? वितळेल की ती.”

“आइस्क्रीम संपलं, काका.”

अल्बमचं नाव ‘परमुलूख’. पहिल्या गाण्याला शब्दच नव्हते. ती नुसती गुणगुणायची आणि मागून क्लॅरिनेट रडायची. आमच्याकडे कुणालाही ते कळलं असतं. आमची जत्रा रडण्यानंच सुरू होते. आधी मेलेल्यांसाठी आणि परमुलखात गेलेल्यांसाठी वाजवायचं. तोवर कुणी उठत नाही, टाळी तर नाहीच. मग त्या शांततेतून कुणीतरी आपसूक उभं राहतं, हात धरतं, आणि नाच पेटतो.

काकानं विचारलं, “फिवोसला बोलावलंस?”

“गावच्या जत्रेला येतोय, पंधरा ऑगस्टला. तिथंच वाजवू.”

“फोनवर सांग की सरळ.”

“नाही. त्यानं ऐकावं. ऐकलं आणि कळलं, तर राहील.”

फिवोस आला. चौकातल्या चिनाराखाली पहिल्याच बाकावर बसला, गावच्या म्हाताऱ्या पोलिक्सेनी आजीच्या शेजारी. उन्हं कलली होती. काकानं ओठाला क्लॅरिनेट लावली, एवान्थियानं डोळे मिटले. इतकी वर्षं जे गिळलं होतं ते सगळं त्या सुरात उतरलं. शेवटचा सूर विरला आणि सगळा चौक गप्प झाला. त्सिपुरो दारूचे पेले हातातल्या हातात राहिले. आजीचे हात मांडीवर निपचित पडले होते. काका मनात म्हणाला, आता. आता कुणीतरी उठेल.

फिवोसनं इकडेतिकडे पाहिलं. एक टाळी नाही. पोरीची फजिती झाली असं त्याला वाटलं. ताडकन उठला, चौथऱ्यावर चढला, तिची गिटार उचलली आणि स्कूटरचं गाणं छेडलं. “चला, जागे व्हा रे!” आर्सेनिसचे हात सवयीनं धावले. चार पोरं भिडेखातर नाचली. काकाची क्लॅरिनेट गुडघ्यावरच राहिली.

“पोरा,” आजी खालून म्हणाली, “माणसं अजून रडत होती रे.”

गोंगाटात ते त्याला ऐकू गेलं नाही. नंतर तो घाम पुसत एवान्थियाकडे आला. “वाचवलं की नाही तुला? असलं काळंकुट्ट कशाला गं? आपण किती मजेत होतो!”

“जेवलास का?” ती एवढंच म्हणाली.

सकाळी बसपाशी तो पिशवी घेऊन उभा होता. चेहरा उतरलेला.

“आजीनं पकडलं मला वाटेत. चांगली कानउघाडणी केली.” तो चपलेनं माती उकरू लागला. “एवान्थिया, ते गाणं माझ्यासाठी होतं?”

“कणीक उठतच होती रे. तूच मध्ये हात घातलास.”

“मग आज वाजवा परत. मी गप्प बसतो. शपथ.”

“आज कुणासाठी? तुझं तिकीट तर खिशात आहे.”

त्याचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच राहिला. त्यानं तिकीट काढलं नाही, फाडलंही नाही. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. तिनं कागदात गुंडाळलेली गरम पोळी त्याच्या पिशवीवर ठेवली.

“निवल्यावर खा. तोंड भाजेल.”

आणि ती चढावर निघाली, बेकरीकडे. पाठीवर ॲप्रनची गाठ, कोपरापर्यंत पीठ. वळणावर थांबली नाही, मागे पाहिलं नाही. बसच्या पायरीवर एक पाय आणि मातीत एक पाय ठेवून फिवोस पाहत होता. आणि देवळाच्या कट्ट्यावरून, क्लॅरिनेटची पेटी मांडीवर घेऊन, म्हातारा लाम्ब्रोस.