लाईट गेल्यावरचं वाचन

पिठाच्या गिरणीत कितीही झाडा, संध्याकाळी पुन्हा सगळ्यावर पांढरं बसलेलंच असतं. आमच्याकडे किस्स्यांचं तसंच आहे. कुणी मुद्दाम गोळा करत नाही, पण रोज साठतात. थोडे सांगतो. खोटे वाटले तर वाटू द्या, मला फरक पडत नाही.

मिरजगावात माझी गिरणी आहे. मी चौथीत शाळा सोडली. मास्तर मला कंटाळले होते आणि मी मास्तरांना. माझी सून सुलभा मात्र घरी बसून कॉम्प्युटरवर वेबसाइट बनवते. दुपारची लाईट गेली की माझी गिरणी बंद आणि तिचं वायफाय बंद. मग ती मोबाईल घेऊन बाहेर ओट्यावर बसते आणि इंटरनेटवर काही भारी सापडलं असेल ते आम्हाला वाचून दाखवते.

आम्ही म्हणजे मी, टेम्पो चालवून म्हातारा झालेला भाऊसाहेब, आणि इस्माईलभाई टेलर. इस्माईलभाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शिलाई सुटली, कान शाबूत. म्हणून हुंकार द्यायचं काम त्याचं. आमच्यात कुणी वाचायला किंवा सांगायला बसलं की एकानं प्रत्येक वाक्याला 'हां' म्हणायचं. 'हां' थांबला की सांगणारा थांबला.

*

एकदा मी सुलभाला विचारलं, "तू दिवसभर बडवती काय गं त्या कॉम्प्युटरवर?"

तिनं लॅपटॉप बाहेर आणला. कांद्याच्या भावाचं रंगीत पान उघडलं आणि कसलं तरी बटण दाबलं. रंग गेले, चित्रं गेली. नुसत्या मुंग्यांसारख्या इंग्रजी ओळी.

"आबा, कुठल्याही वेबसाइटच्या आत असंच असतं. कुणीही बघू शकतं."

भाऊसाहेबानं मान फिरवली. "झाक ते. माणसाला उघडं बघितल्यागत वाटतंय."

*

मग तिनं एका प्रोग्रामरनं लिहिलेलं वाचलं. एक चिन्ह टाकायचं राहिलं, एवढंसं, स्वल्पविरामाएवढं, आणि अख्खी वेबसाइट बंद पडली. लोक रात्रंदिवस शोधत बसले.

मला धक्काच बसला. एवढ्याशा टिंबानं?

भाऊसाहेब म्हणाला, "माझ्या टेम्पोचे निम्मे नट पडले हुते. तरी मार्केटला सगळ्यात आधी मीच."

*

समुद्रात आठ हातांचा एक प्राणी असतो, ऑक्टोपस म्हणून. हे सुलभानं वाचल्यावर इस्माईलभाई म्हणाला, "आठ हात? दिवाळीच्या सीझनला माझ्याकडं पाठवायचा हुता."

"चाचा, त्याला हृदयंही तीन असतात."

भाऊसाहेबाचा हात आपोआप छातीवर गेला. त्याच्या हृदयात दोन स्प्रिंगा टाकलेल्या आहेत. म्हणाला, "त्याच्या घरच्यांचं कसं होत असंल?"

*

पुढचा किस्सा हसण्यासारखा नाही. गिरणी चालू होती. इस्माईलभाईनं आपला पिठाचा डबा घ्यायला हात पुढं केला, तो सरळ फिरत्या पट्ट्याकडं. मी त्याला कॉलर धरून मागं ओढलं. मग गिरणी बंद केली.

"आता नगरला जायचं अन् ऑपरेशन करायचं," मी म्हणालो. तो व्हय म्हणाला. तारीखही मिळाली.

आणि आमच्या सूनबाईनं त्याच आठवड्यात डोळ्यांवरचा लेख काढला. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर चित्र उलटं पडतं, मेंदू ते सरळ करून घेतो. हे खरं आहे म्हणे. मी स्वतः दोनदा विचारलं.

इस्माईलभाईचा 'हां' मध्येच अडकला.

"म्हंजे डॉक्टर डोळ्यात हात घालणार, अन् नंतर मेंदू सरळ करायचा इसरला तर? मी काय जन्मभर माणसं डोक्यावर चालताना बघू? आपल्याला जमायचं न्हाई."

सुलभानं समजावलं, मी शिव्या घातल्या. त्यानं तारीख घालवली.

*

यावर उपाय निघाला तो पण इंटरनेटवरूनच. गोष्ट कशी सांगावी यावर कुणीतरी लांबलचक लिहिलेलं होतं. ऐकणारा ऐन रंगात आला की तिथंच थांबावं, असं.

"हे शिकवायला लागतं?" मी विचारलं. जग कुठं चाललंय कळेना.

दुसऱ्या दिवसापासून सुलभानं एका राणीची गोष्ट वाचायला घेतली. राणी रोज दुपारी एका कोरड्या विहिरीत डोकावते आणि हसत हसत वाड्यात परत येते. का हसते कुणालाच कळत नाही. शेवटी राजा तिच्या मागोमाग निघतो, विहिरीच्या काठावर पोचतो, खाली वाकतो.

सुलभानं मोबाईल खाली ठेवला. "आता चाचांचं ऑपरेशन झाल्यावर."

"आगं, राजाला काय दिसलं?"

"ऑपरेशन झाल्यावर."

भाऊसाहेब चवताळला. "इस्माईल्या, तुझ्या पायी आमी का लटकायचं? उद्याच्या उद्या नगरला चल, न्हाईतर उचलून गाडीत टाकीन."

लाईट रोज जायची, सुलभा रोज ओट्यावर यायची आणि शेंगा सोलत बसायची. पाचव्या दिवशी इस्माईलभाई म्हणाला, "जातो. पण भाऊसाहेबानं गाडी चालवायची न्हाई."

*

ऑपरेशन नीट झालं. महिन्यानं काळा चष्मा निघाला आणि इस्माईलभाई कुणाचा हात न धरता गिरणीत आला. माणसं पायांवरच चालतात, म्हणाला. भाऊसाहेबाला निरखून बघितलं आणि म्हणाला, "आवाजावरून तू बरा वाटायचास."

लाईट गेली. सुलभा मोबाईल घेऊन ओट्यावर बसली. इस्माईलभाई नेहमी खाली पोत्यावर बसायचा, त्या दिवशी वर तिच्या शेजारी जाऊन बसला.

"राजा काठावर वाकला," सुलभानं सुरुवात केली.

"हां."

"विहिरीत पाणी नव्हतं."

"हां."

"पण तळाशी कुणीतरी दिवा लावलेला होता."

'हां' आला नाही. सुलभा थांबली. बघतो तर इस्माईलभाई तिच्या हातातल्या मोबाईलवर वाकलेला. मी उठलो आणि मीही वाकलो. मोबाईल बंद होता. काच काळीभोर, तिच्यात आमची दोघांची थोबाडं. सुलभाचा अंगठा मात्र त्या काचेवर खालून वर फिरतच होता.

"काय झालं?" भाऊसाहेब पलीकडून ओरडला. "रेंज गेली का?"

इस्माईलभाईनं माझ्याकडं बघितलं, मग सुलभाकडं.

"न्हाई रे, हाय रेंज," तो म्हणाला. "पोरी, पुढचं पान काढ."

"काढलं, चाचा," सुलभा म्हणाली.