मी नियम वाचले नव्हते

ही गोष्ट मी निखिललाही सांगितलेली नाही. नवरा आहे माझा, आणि त्या दिवशी तोही विमानतळावर होता – काचेच्या पलीकडे, आमच्या मुलीचा, इराचा हात धरून उभा. त्याला वाटतं, त्याला सगळं माहीत आहे. आईलाही तसंच वाटतं. खरं काय घडलं ते फक्त दोघांना माहीत होतं, आणि त्यातले एक आता नाहीत. उरले मी. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जरा सोपं जातंय. तरी बघा, अजून मुद्द्यावर आले नाही.

आधी अण्णांबद्दल सांगते. माझे वडील. आधी फौजेत, मग कऱ्हाडला एका बँकेच्या दारात सव्वीस वर्षं दुनळी बंदूक घेऊन उभे. बंदूक त्यांची स्वतःची, परवाना त्यांच्या नावावर. तो परवाना ते प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या डब्यात आणि डबा कपाटात ठेवायचे. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. अण्णा नोटिशीची वाट न बघता आदल्या आठवड्यातच जाऊन पावती घेऊन यायचे. बेळगावला मामाच्या मुलाचं लग्न होतं, तेव्हा पाहुण्यांनी गळ घातली – अण्णा, बंदूक आणा, वरातीत दोन बार काढू. अण्णा म्हणाले, ‘‘माझा परवाना महाराष्ट्रापुरता आहे. कागलच्या पुढं गेलो की मी गुन्हेगार.’’ सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. ज्याच्या हातात बंदूक, त्याला कायदा इतरांपेक्षा जास्त ठाऊक पाहिजे, असं त्यांचं मत. दुसरा कसलाच अभिमान नव्हता हो त्यांना. एवढाच होता.

दोन हजार चौदाच्या सुमाराची गोष्ट. आम्ही सिंगापूरला, पासिर रिस भागात राहत होतो, मी चांगी बिझनेस पार्कमध्ये नोकरीला. इरा सात वर्षांची. एका रविवारी स्काइपवर तिने आजोबांना विचारलं, तुम्ही किती बॅड गाइजना शूट केलं? अण्णा म्हणाले, एकालाही नाही. ‘‘डोन्ट ब्लफ ला, आजोबा!’’ असं इथल्या पोरांच्या इंग्रजीत ओरडून ती पळाली. अण्णांना ते फार लागलं – म्हणजे गोड अर्थाने. सव्वीस वर्षांत माणसावर एकदाही बंदूक रोखली नाही, हे नातीला पटवून द्यायचं त्यांनी मनावर घेतलं. निवृत्तीआधीच्या शेवटच्या सरावात मातीच्या मडक्यावर झाडलेल्या बाराचं रिकामं काडतूस त्यांनी जपून ठेवलं होतं. लाल नळी, बुडाशी पितळ. पुढच्या महिन्यात ते आमच्याकडे पहिल्यांदाच यायचे होते. ते काडतूस इराला दाखवायचं आणि सांगायचं – हे बघ, माझ्या बंदुकीनं मारलं ते फक्त एक मडकं.

त्यांनी मला फोन करून विचारलं, ‘‘बाळ, रिकामं काडतूस तिकडं चालतं का? तुमच्या सरकारचे नियम वाचून सांग. मला इंग्रजीतलं तसलं नीट कळायचं नाही.’’

बघते, म्हणाले. आठवड्याने पुन्हा विचारलं. बघते, म्हणाले. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी मीटिंगला निघाले होते, लिफ्टचं दार उघडत होतं. मी म्हणाले – ‘‘हो अण्णा, वाचलं मी. रिकामं चालतं.’’

वाचलं नव्हतं. एक ओळही नाही.

आणि या देशात बंदुकीच्या बाबतीत काय कडक कायदे आहेत, हे मला माहीत नव्हतं का? इथे राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. मला फक्त फोन ठेवायचा होता. पलीकडून अण्णा म्हणाले, ‘‘थांब, लिहून घेतो.’’ खिशात एक छोटी वही असायची त्यांच्या, तीत सगळं टिपून ठेवायचे. ‘‘तुझं नाव टाकतो बरं का खाली,’’ असं म्हणून हसले.

इथवर आहे तो आळस. खोटेपणा म्हणा हवं तर. पण एवढंच असतं तर मी कधीच कुणालातरी सांगून टाकलं असतं.

अण्णा एकटेच आले. आईचा गुडघा दुखत होता म्हणून ती मागे राहिली. इराने कागदावर मोठ्या अक्षरांत ‘आजोबा’ लिहून आणलं होतं. मुंबईहून आलेली सगळी माणसं बाहेर पडली, अण्णा दिसेनात. तासाभराने मला फोन आला – तुमचे वडील आमच्याकडे आहेत, दुभाषी म्हणून आत येऊ शकाल का?

लहानशी पांढरी खोली. अण्णा खुर्चीच्या कडेवर ताठ बसले होते, नवा सफारी घालून. टेबलावर बॅग उघडी. कपडे, चिवड्याचा डबा, इरासाठी शिवून आणलेलं परकर-पोलकं – आणि एका पारदर्शक पिशवीत ते काडतूस. मला बघून अण्णांचा चेहरा असा सैल झाला… कसं सांगू? लहान मुलाची आई शाळेच्या दारात दिसली की होतो ना, तसा. आता बाळ आली. आता ती सांगेल यांना.

अधिकारी वयस्क होते, बोलायला मृदू. त्यांनी मला समजावलं की काडतूस रिकामं असलं तरी पोलिसांची परवानगी आधी घ्यावी लागते. एकेक प्रश्न विचारत गेले, मी मराठीत सांगत गेले, अण्णांची उत्तरं इंग्रजीत करत गेले. बंदूक कुठे आहे? घरी, कुलपात. परवाना? आहे. हे कशासाठी आणलं? नातीला दाखवायला.

मग त्यांनी विचारलं – हे आणलेलं चालेल असं यांना कुणी सांगितलं होतं का?

हा प्रश्न मला अण्णांना मराठीत विचारायचा होता. माझं तेवढंच काम होतं. अण्णांनी वही काढली असती, माझं नाव दाखवलं असतं, मी म्हणाले असते – हो, चूक माझी. काय झालं असतं? फार तर माझं नाव कुठेतरी लिहिलं गेलं असतं. आमचा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवानगीचा अर्ज तेव्हा सरकारदरबारी होता, आणि त्याआधी एकदा तो नाकारला गेला होता. हे कारण म्हणून सांगत नाही. डोक्यात तेव्हा जे आलं ते सांगते आहे.

मी प्रश्न मराठीत केलाच नाही. सरळ इंग्रजीत म्हणाले – नाही. उलट मी त्यांना आणू नका असं बजावलं होतं. वय झालंय, त्यांना हे नियम कळत नाहीत.

अण्णांचा हात खिशापर्यंत गेला होता. बँकेच्या दारात सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढं इंग्रजी कळतं. हात खिशाशी थांबला आणि परत मांडीवर आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं – रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर आज मी बरी असते. ताप आलेल्या पोराकडे बघावं तसं पाहिलं. मग अधिकाऱ्यांकडे वळून म्हणाले, ‘‘येस सर. शी टोल्ड. माय मिस्टेक.’’

समज देऊन सोडलं त्यांना. काडतूस ठेवून घेतलं. बाहेर निखिलने विचारलं तेव्हा मी काही बोलायच्या आत अण्णाच म्हणाले, ‘‘म्हाताऱ्याचा घोळ झाला जरा.’’ इराने कागद उंच धरला. त्यांनी तिला कडेवर घेतलं.

त्या संध्याकाळी मी नियम वाचले. सोप्या इंग्रजीत होते. चहा निवायच्या आत वाचून झाले.

दोन महिने राहिले अण्णा. आमच्यात त्याबद्दल एक शब्दही झाला नाही. पण ते सारखे विचारायला लागले – या बाकावर बसलं तर चालतं का? कबुतरांना दाणे टाकले तर? खाली पडलेलं फूल उचलू का? कुणालाही न विचारता कायदा सांगणारा माणूस, सात वर्षांच्या इराला विचारायचा. ती म्हणायची, ‘‘कॅन, आजोबा, कॅन!’’ मग ते बसायचे.

कऱ्हाडला परतल्यावर त्यांनी बंदूक पोलीस ठाण्यात कायमची जमा केली, परवाना परत केला. आईने फोनवर सांगितलं. का हो, असं तिने विचारलं तर म्हणाले, आता नियम कळत नाहीत मला. माझंच वाक्य. मी तेव्हा फोनवर काय म्हणाले असेन? म्हणाले, बरं झालं आई, या वयात कशाला ती जोखीम.

नंतर आम्हाला पीआर मिळाला. अण्णांनी पेढे वाटले.

बोलायला किती संधी होत्या! दर रविवारी त्यांचा चेहरा समोर असायचा. मी म्हणायचे, पुढच्या रविवारी. तिसऱ्या वर्षी झोपेतच गेले.

तेराव्याला पवारकाका माझ्या शेजारच्या पाटावर बसले होते. अण्णांच्या बरोबरचे, दुसऱ्या बँकेच्या दारात उभे राहायचे. वाढप चालू असताना ते म्हणाले, ‘‘सिंगापूरची ती गोष्ट अण्णा सगळ्यांना सांगायचा बघ. म्हणायचा, पोरीनं नियम वाचून बजावलं होतं मला, मीच ऐकलं नाही. फार हुशार आहे म्हणायचा. खरं का गं?’’

आई समोरच होती. अण्णा नव्हते. आता कुणाला धक्का लागणार नव्हता, कुठला अर्ज अडणार नव्हता.

‘‘हो काका,’’ मी म्हणाले. ‘‘बजावलं होतं मी.’’

आणि पानात वाढलेलं सगळं जेवले.