गाऱ्हाण्यातली थांबायची जागा

दापोलीची हवा आम्ही फुकट खात होतो, म्हणून तिची किंमत आम्हाला कधी कळली नाही. मुंबईची माणसं मात्र उन्हाळा लागला की हर्णै बंदरात बोटीतून उतरायची, बैलगाडीनं चढ चढून वर यायची आणि जुन्या लष्करी कॅम्पातल्या बंगल्यांच्या व्हरांड्यात शाल पांघरून बसायची. काय छान हवा आहे, म्हणायची. आम्ही मनात म्हणायचो, हवाच आहे, दुसरं इथं आहे काय.

तर हे आमचं गाव रेडिओवर बोलणार, अशी बातमी एका हिवाळ्यात आली. एकोणीसशे तीसच्या पुढची ती सालं. गावात रेडिओ एकच, निवृत्त मामलेदारांच्या बंगल्यात. त्याची तार सुरूच्या दोन झाडांना बांधलेली आणि खाली मोटारीची बॅटरी. बॅटरी उतरली की प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर ती नेऊन भरून आणायचा, त्यामुळे रेडिओवर मामलेदारांइतकाच त्याचाही हक्क. मुंबईच्या केंद्रावर थंड हवेच्या गावांविषयी गप्पा व्हायच्या. या खेपेला आमची पाळी होती. प्रश्न मामलेदार विचारणार आणि उत्तरं द्यायला त्यांनी निवडले आमचे मानकरी.

मानकरी म्हणजे ग्रामदेवीला गाऱ्हाणं घालणारे. शिमग्यात देवीची पालखी घरोघर जायची, तेव्हा प्रत्येक अंगणात ते उभे राहून त्या घरासाठी देवीकडे मागणं मागायचे. एक ओळ म्हणून थांबायचे. मग सगळा जमाव म्हणायचा, "व्हय म्हाराजा." मग पुढची ओळ. हातात कागद नाही, पण तीस वर्षांत एक शब्द चुकला नव्हता.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. चोविसाव्या वर्षी माणसाला जितकं कळतं, तितकं पुढं कधीच कळत नाही. मामलेदारांनी मजकूर लिहायचं काम माझ्याकडे दिलं आणि मी हुरळले. मानकऱ्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून ते रोज शाळा सुटल्यावर आमच्या ओटीवर यायचे आणि मी त्यांच्याकडून उत्तरं पाठ करून घ्यायची. शुद्ध भाषेत. "आमच्या गावचे जलवायुमान अत्यंत आल्हाददायक आहे." बिचारे 'आल्हाददायक'पाशी दर वेळी ठेचकाळायचे आणि मी दर वेळी सुधारायची. त्यांच्या जिभेवर मी शेण सारवल्यासारखी शुद्ध मराठी सारवत होते, हे आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

चौथ्या दिवशी ते म्हणाले, "बाय, ह्या समदा खरा. पन माज्या पोराचा ह्यात कुटं हाय?"

त्यांच्या मुलाची गोष्ट गावाला माहीत होती. गाऱ्हाणं शिकायचं नाही, देवीपुढं हात पसरून मी जन्म काढणार नाही, म्हणून बापाशी भांडून तो मुंबईला गिरणीत गेला होता. त्याला चार वर्षं झाली. शिमग्याला मुंबईचा झाडून सगळा चाकरमानी घरी येतो, पण हा चारही शिमग्यांना आला नाही. कुणाबरोबर साधी खुशालीसुद्धा धाडली नाही. बापही हट्टी. आपण होऊन निरोप पाठवायचा नाही. रेडिओवर मात्र सगळ्या मुंबईला सांगता येत होतं. त्यात आपला पोरगाही ऐकेल, आणि आपण मोडलो असंही होणार नाही, असा त्यांचा हिशेब.

मी म्हणाले, "बाबा, घरातल्या गोष्टी रेडिओवर शोभत नाहीत." ते उठायला लागले. मग मी म्हटलं, शेवटी हवं तर दोन ओळी गाऱ्हाण्याच्या म्हणा, पण मध्ये थांबू नका. ऐकणाऱ्याला वाटेल यंत्र बिघडलं. त्यांनी मान डोलावली.

मग मामलेदार त्यांना घेऊन बोटीनं मुंबईला गेले. कार्यक्रमाच्या संध्याकाळी अर्धं गाव मामलेदारांच्या व्हरांड्यात जमलं. मानकऱ्यांची बायको पायरीवर बसली होती, पदर तोंडाशी धरून. ड्रायव्हर रेडिओजवळ. मामलेदारांचा आवाज आला आणि पाठोपाठ मानकऱ्यांचा. हवेचं उत्तर बरोबर आलं. आंब्याचं आलं. 'आल्हाददायक' पार पडलं तेव्हा मी आजूबाजूला पाहून घेतलं, कुणी माझ्याकडे बघतंय का म्हणून. मग मामलेदारांनी देवीविषयी विचारलं आणि मानकऱ्यांनी मी पाठ करून घेतलेलं सोडून दिलं.

"बा देवी म्हाराजा," असं म्हणून ते थांबले.

आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "व्हय म्हाराजा." मुंबईत काय चाललंय याचा आम्हाला विसरच पडला.

पुढची ओळ आली, पुन्हा ते थांबले. आमचा आवाज संपला तरी रेडिओ गप्पच. ड्रायव्हरला वाटलं बॅटरी गेली. त्यानं खुंटी पिरगळली आणि शिट्ट्या सुरू झाल्या. सगळे त्याच्यावर ओरडले. केंद्र पुन्हा सापडलं तोवर कुणीतरी पेटी वाजवत होतं. मानकरीण माझ्याकडे वळून म्हणाली, "पोराचा बोल्ले काय वो?" मला काय ठाऊक. आणि मजकुरात ते मीच घेतलं नव्हतं.

चौथ्या दिवशी बोटीनं दोघे परतले. मामलेदार माझ्यावरच उखडले. "दर ओळीला थांबून राहिले. माणसं खुणा करतायत, घड्याळ दाखवतायत, आणि हे आपले उभे. तिथं 'होय महाराजा' मी म्हणायचं होतं की काय?"

मानकऱ्यांना मी विचारलं, तर एवढंच म्हणाले, "बोल्लो. पन कोनी जाब दिला नाय."

त्यानंतर ते आमच्या ओटीवर आले नाहीत. मला फार वाईट वाटत होतं. त्यांच्या पोराला मी शुद्धलेखनाच्या चुकीसारखं खोडून टाकलं होतं.

शिमगा आला. चाकरमानी हर्णैला उतरले आणि त्यांत तो होता. गावात बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. आईला त्यानं सांगितलं ते तिनंच मला विहिरीवर सांगितलं. परळला चहाच्या दुकानात रेडिओ लागला होता. बापाचा आवाज ऐकून तो उठून जात होता. तेवढ्यात बाप थांबला. रेडिओवर कुणीच 'व्हय' म्हणेना. "मना ऱ्हावला नाय, आये," तो म्हणाला. भर दुकानात त्यानं एकट्यानं "व्हय म्हाराजा" म्हटलं. दुसऱ्या ओळीला पलीकडच्या बाकावरचे दोघे कोकणी त्याच्याबरोबर म्हणाले. तिसरी ओळ होती, जो कुणी रागानं परमुलखात गेला असेल त्याला सुखरूप घरी आण.

पालखी आमच्या अंगणात आली तेव्हा तिच्या दांडीला त्याचा खांदा होता. मी ओटीचं ताट घेऊन उभी होते. मानकऱ्यांनी पहिली ओळ म्हटली आणि आम्ही तोंड उघडायच्या आत तो एकटाच मोठ्यानं म्हणाला, "व्हय म्हाराजा."

सगळे वाट बघत राहिले. तीस वर्षांत पहिल्यांदा मानकऱ्यांना पुढचं आठवेना. मला वाटलं, मास्तरणीनं आता तरी कामाला यावं. मी पुढं झाले आणि त्यांच्याच बोलीत हळूच सांगितलं, "ज्यो कोन रागान परमुलखात ग्येला आसल..."

त्यांनी डोळे पुसले आणि मान हलवली.

"ता आता नको, बाय. तुज्या घराचा काय मागू, ता सांग."

एवढं सगळं लिहून देणाऱ्या मला काही म्हणजे काही सुचेना.