एकच चिन्ह बदलायचं होतं

मित्रांनो, आज परळच्या आमच्या कॉलेजात बारावी कम्प्युटर सायन्सची सराव प्रॅक्टिकल होती. आकडे चढत्या क्रमाने लावायचा प्रोग्राम मी रामरक्षेसारखा पाठ केलाय. धडाधड टाइप केला, उत्तर बरोबर आलं.

बाई म्हणाल्या, "छान. आता उतरत्या क्रमाने लाव. एकच चिन्ह बदलायचंय."

कुठलं? एकेका ओळीवर बोट फिरवलं, सापडेना. शेवटी सगळं पुसलं आणि पुटपुटत पहिल्या ओळीपासून पुन्हा टाइप करायला लागले.

बाई हळूच म्हणाल्या, "अगं, तुला यातलं काहीच कळत नाही ना?"

सोमवारी बोर्डाची प्रॅक्टिकल आहे. आईने चाळभर सांगून ठेवलंय, पोरगी इंजिनिअर होणार.

खरं सांगा, नुसतं पाठ करून कुणी पुढे गेलंय? की कुठेतरी पकडले जातातच?