आधी पुरणपोळी, मग दुष्काळ

आमचं घर एका गाण्यात बुडालं, आणि ते गाणं मीच लिहिलं होतं.

तोवर आमचं बरं चाललं होतं. मोठ्या दुष्काळात सगळ्यांचंच कंबरडं मोडलं, तसं आमचंही मोडलं. पण पुढं अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गावात दुधाची सोसायटी काढली, दारात दोन म्हशी आल्या आणि कळंबच्या बाजारातून एक रेडिओसुद्धा आला. अण्णा सोसायटीचे चेअरमन. मी चेअरमनचा मुलगा, कॉलेजातून परत आलेला (मी परत यावं असं कॉलेजचंच म्हणणं पडलं!) आणि सोसायटीचा एकमेव वाहतूक विभाग. रोज सकाळी सायकलला दोन्हीकडून दुधाचे कॅन अडकवायचे आणि फाट्यापर्यंत पायडल हाणायचं, कारण दुधाची गाडी फाट्यावरच थांबायची. उन्हाळ्यात मी पोचेपर्यंत दूध नासून जायचं. ते परत आणून ज्याचं त्याला वाटायला लागलो की लोक माझ्याकडं असं बघायचे, जणू मीच वाटेत कॅनमध्ये लिंबू पिळलंय.

गाडी गावात यायला डेअरीची एकच अट होती: शेजारच्या माळवाडीनंही सोसायटीत दूध घालायला पाहिजे. आणि माळवाडी म्हणजे गोदाबाई. विधवा बाई, दावणीला पाच म्हशी, आणि आवाज असा की हाक मारली तर आमच्या गावातल्या म्हशी उठून उभ्या राहायच्या. गोदाबाई हो म्हणाली की सगळं गाव हो म्हणणार. पण ती म्हणायची, "सोसायटी? म्या न्हाय त्यात पडायची. दुसऱ्याच्या कॅनात आपलं दूध ओतायचं, अन् मग आपलं कोन्तं ते वळकायचं कसं?" या प्रश्नावर अण्णा हात जोडून परत यायचे. (खरं सांगायचं तर त्याचं उत्तर आजही कुणाकडं नाही.)

इथं मला माझी विद्या आठवली. कॉलेजात असताना मी अभ्यास केला तो कळंबच्या तंबूतल्या सिनेमाचा, आणि त्यातल्या त्यात गाण्यांचा. माझ्या असं लक्षात आलं होतं की माणसाची सगळी दुःखं एका गाण्यात संपतात! पहिल्या कडव्यात हिरो दगड उचलतो, दुसऱ्यात घाम पुसतो, तिसऱ्यात कोट घालतो. कुणी काही समजावून सांगत नाही. आधी विझलेली चूल दाखवायची, मग पेटलेली चूल दाखवायची. मधली बारा वर्षं प्रेक्षक आपली आपण समजून घेतात.

"अण्णा, आपण आपल्या घराचं असं गाणं काढू. आधी दुष्काळ, मग सोसायटी, मग सुख. गोदाबाई बघंल अन् पाघळंल."

"गाण्यानं दूध वाढतं व्हय रं?"

"माणसाचं मन वाढतं, अण्णा!"

"मन डेअरीत कुनी घेत न्हाय," अण्णा म्हणाले. पण गाडीची त्यांनाही आस होतीच. ते कबूल झाले.

कळंबचे रशीदभाई लग्नात फोटो काढायचे. त्यांच्याकडं एक छोटा सिनेमाचा कॅमेरा होता, मुका. त्यात चित्र उमटायचं, आवाज नाही. मी म्हटलं, हरकत नाही, चित्र चालू असताना आपलं भजनी मंडळ शेजारी बसून गाणं म्हणेल. रशीदभाई ठरल्या दिवशी कॅमेरा घेऊन दारात उभे राहिले. मी आईला सांगितलं, "आई, फाटकं लुगडं नेस आणि विझलेल्या चुलीपुढं रडत बस. तिथनंच सुरुवात हाय."

आईनं मला आपादमस्तक बघितलं. "माझ्या घरात पयल्यांदा सिनेमा व्हायलाय, अन् सुरुवात रडारडीनं? अभद्र कुठलं! आधी नारळ फोडा. आधी गोडधोड व्हईल. दुष्काळ मागनं."

"अगं, पण गाण्यात दुष्काळ आधी आहे!"

"गाण्यात असंल. घरात न्हाय."

रशीदभाईंनी मध्यस्थी केली. "चलता है. भाभींचं बरोबर हाय. आधी सुखाचं घेऊ. नंतर घरी बसून कापतो अन् पाहिजे तसं चिकटवतो. फिलिम हाय मियाँ, कुठूनबी कापा, कुठंबी चिकटवा!"

झालं. आधी सुख! आईनं पैठणी नेसली. अण्णांनी फेटा बांधला आणि पुरणपोळीच्या ताटावर बसले, मांडीशी रेडिओ. पण पहिल्या खेपेला कॅमेऱ्याचं चाक अडकलं. दुसऱ्या खेपेला अण्णा कॅमेऱ्याकडं बघून "या जेवायला" म्हणाले. तिसऱ्या खेपेला म्हशीनं मध्येच तोंड घातलं. दर खेपेला नवी पोळी, नवं तूप. सुख संपलं तेव्हा अण्णांना भिंत धरून उठावं लागलं.

मग दुष्काळ काढला. अण्णांना जुनी बंडी घालून उपाशी बसायचं होतं. ते पोट धरून बसले, डोळे पांढरे, कपाळाला घाम. "वा! क्या भूक हाय!" रशीदभाई ओरडले. ती भूक नव्हती, सात पोळ्या होत्या!

आईचं रडणंच अडलं. "रडू कशापायी? सगळं चांगलं चाललंय की."

"काहीतरी वाईट आठव की, आई."

आईनं इकडं तिकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ते कॅमेरा बंद झाल्यावरही बराच वेळ थांबलं नाही. मी जास्त चौकशी केली नाही.

दुष्काळात विकलेली म्हैस दारातून निघून जाते आणि मागं रिकामा खुंटा उरतो, हे त्याआधीच काढून झालं होतं. शेवटी मी. रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगावर, मांडीवर पालथा कॅन, नजर सूर्यावर. (सूर्याकडं बघितलं की डोळ्यांत पाणी आपोआप येतं, अभिनय लागत नाही.) गाण्यात हे पहिल्याच कडव्यात येणार, म्हणून त्यावर मी विशेष मेहनत घेतली होती.

रीळ धुऊन मुंबईहून आलं आणि रशीदभाई कात्री घेऊन आमच्या ओट्यावर बसले. अण्णांनी त्यांचा हात धरला.

"हे काय करायलाव?"

"कापतो की, चेअरमनसाब. मागचं पुढं करायचंय."

"कापायचं न्हाय! दुष्काळ बघितलेला मानूस हाय म्या. आमच्यात कडब्याची काडी वाया जात न्हाय, अन् तुमी धडधाकट फिलिम कापायलाव?"

रशीदभाई माझ्याकडं बघायला लागले. मी काय सांगावं? अण्णांपुढं बोलायची माझी टाप नव्हती. शिवाय माझी कलेवर भयंकर श्रद्धा! मी म्हटलं, "राहू द्या, रशीदभाई. गाणं सगळं सांभाळून घेतंय."

माळवाडीत दिवेलागणीला मारुतीच्या पारापुढं पडदा म्हणून धोतर ताणून बांधलं आणि रशीदभाईंनी चित्र पाडायचं यंत्र लावलं. सगळं गाव जमलं. पुढच्या घोंगडीवर गोदाबाई. दुसऱ्याच्या गावात मिरवायला नको म्हणून अण्णा साध्या, कोपरावर ठिगळ लावलेल्या सदऱ्यात आले होते. भजनी मंडळाच्या निवृत्तीबुवांनी पेटीवर बोटं ठेवली, मी खूण केली आणि आमच्या घराची गोष्ट सुरू झाली.

"रांजण रिकामा, विझली चूल, सुकून गेलं घरातलं फूल!" बुवांनी काळीज चिरणारा सूर लावला. धोतरावर अण्णा तुपात बुडवून पुरणपोळी खात होते.

मंडळी गोंधळली. "चूल इझलीय तर पोळी कुठं भाजली?" एकानं विचारलं.

"गप रं. शेजारनं आली आसंल."

लगेच टाळ वाजले आणि ध्रुवपद आलं. (मला त्याचा फार अभिमान होता.) "सोसायटीनं केलं, बाई, हे सोसायटीनं केलं!"

दुसरं कडवं कष्टाचं होतं. "घाम गाळला, दिवस पालटला," बुवा गात होते आणि धोतरावर दिवस पालटला तो असा: पैठणी गेली, फाटकं लुगडं आलं, फेटा गेला, बंडी आली. अण्णा पोट धरून डोळे पांढरे करायला लागले. बायकांत चुकचुक सुरू झाली. तेवढ्यात पुन्हा ध्रुवपद: "सोसायटीनं केलं, बाई, हे सोसायटीनं केलं!"

मी बुवांना हातानं खुणा करायला लागलो की मागं जा, पहिलं कडवं घ्या! बुवांना वाटलं, आवाज वाढवा म्हणतोय. त्यांनी पट्टी चढवली. "घरी नांदते लक्ष्मीबाई!" आणि आमची म्हैस मागं वळूनसुद्धा न बघता दारातून निघून गेली. खुंटा उरला. आई हमसून हमसून रडायला लागली, आणि टाळकऱ्यांनी आनंदाच्या कडव्याला शोभेल अशी फुगडी धरली!

शेवटी मी आलो. खडीचा ढीग, पालथा कॅन, सूर्य, डोळ्यांत पाणी. आणि रीळ संपलं. पांढरं धोतर वाऱ्यानं हलत राहिलं.

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "पोरगं चांगलं व्हतं गं."

अण्णा ताडकन उठले. "मंडळी, हे आधीचं हाय! आता आमचं झ्याक चाललंय!" ते हात उंचावून सांगत होते आणि कोपरावरचं ठिगळ सगळ्या माळवाडीला दिसत होतं. गोदाबाईनं पदरानं डोळे टिपले. "बसा, दादा. मानी मानूस हाय बिचारा," ती शेजारणीला म्हणाली. मी मान खाली घालून धोतर सोडलं. गाडीही गेली आणि अब्रूही गेली, एवढं मला कळलं.

पण नाही! दुसऱ्या दिवशी सकाळी वेशीतून माळवाडीची बैलगाडी येताना दिसली. पुढं गोदाबाई. गाडीत ज्वारीचं पोतं, लोणच्याची बरणी आणि दोन जुनी लुगडी. आमच्यासाठी!

"अवं, आता काय करायचं?" आई पैठणीची घडी हातात घेऊन उभी.

"खरं सांगू," अण्णा म्हणाले.

"खरं? बाई दुष्काळी मुलखातनं पोतं घिऊन आलीय, अन् तिला सांगायचं की आमी म्हशीवाले हाव? तोंडावर फेकंल ते पोतं!"

तेवढ्यात गाडी दारात आली. पुढचं कसं घडलं ते मला नीट सांगता येत नाही. आईनं सिनेमातलं फाटकं लुगडं गुंडाळलं, अण्णा रेडिओ पोटाशी धरून त्यावर घोंगडं ओढून निजले, आणि मी दोन्ही म्हशी मागच्या दारानं शेजाऱ्याच्या गोठ्यात ढकलल्या. (रेडिओ बंद करायचा राहिला होता. अण्णांच्या पोटातून बाजारभाव ऐकू यायला लागले, तेव्हा ते मोठमोठ्यानं कण्हले.)

गोदाबाईनं रिकामा खुंटा बघितला, आईचा हात हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "बाई, तुमी त्या सोसायटीपायी बुडालाव. आमच्या डोळ्यादेखत एक घर बुडू द्यायचं न्हाय आमाला. उद्यापासनं सगळ्या माळवाडीचं दूध तुमच्या कॅनात. तेवढीच तुमची चूल पेटंल."

म्हणजे सोसायटीनं बुडवलेल्या घराला वाचवायला सगळी माळवाडी सोसायटीत आली! घोंगड्याखाली अण्णा खरोखर रडत होते. आनंदानं, की रेडिओ पोटात रुतल्यामुळं, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही.

दूध वाढलं, गाडी मंजूर झाली. गाव नाचलं, मीही नाचलो. मग अण्णांनी मला ओट्यावर बोलावलं.

"आता सायकलीचं काम न्हाय."

"न्हाय की, अण्णा!" मी हसलो.

"म्हंजे तुलाबी काम न्हाय. गाडी आत यायला फाट्यापासनं रस्ता पाहिजे. रोजगार हमीवर खडी फोडायला जायचं उद्यापासनं. तुला कसं बसायचं ते ठावं हायच."

दुसऱ्या दिवशी भर उन्हात मी फाट्याच्या वाटेवर, खडीच्या ढिगावर बसलो होतो. समोर सूर्य, डोळ्यांत पाणी, आणि या खेपेला कॅमेरा नव्हता. बाजाराला निघालेली गोदाबाईची बैलगाडी माझ्याजवळ येऊन थांबली. तिनं मला नीट निरखून बघितलं आणि मागं बसलेल्या बायकांना म्हणाली, "बघा! म्या म्हनलं न्हवतं? सिनेमा खराच व्हता!"